बागेतील रुळांच्या सांध्यात फट राखा
कोल्हापुरात बागेत वाफेवर चालणाऱ्या छोट्या मॉडेल आगगाडीसाठी ४५ मिलिमीटर गेजचा (म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढे अंतर असलेला) पितळी रूळ टाकताना तुकडे एकमेकांना घट्ट भिडवू नयेत, कारण पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत रुळाचे तापमान ४० अंशांनी वाढले, तर दीड मीटरचा तुकडा सुमारे १.१ मिलिमीटर लांबतो आणि जागा न मिळाल्यास वळणावर बाहेर फुगतो. थंडीत जोडणी करताना प्रत्येक सांध्यात एक मिलिमीटर जाडीची पत्र्याची पट्टी धरून फट राखावी. अशी पट्टी उद्यमनगरातल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये कापून मिळेल. भर उन्हात जोडत असाल, तर नाममात्र फट पुरते. वाफेच्या इंजिनाला रुळातून वीज लागत नसल्याने सांध्यांना डाग देण्याची (सोल्डर करण्याची) गरज नाही, ते सरकतेच ठेवावेत. काळ्या मातीत मात्र आधी खडीचा थर हवाच.