डिजिटल फळ्यावर मुलांचा हात: वर्गात हा फळा कसा वापरावा

नाशिक जिल्ह्यातील अनेक शाळांत, शहरात तशाच तालुक्यांच्या गावी, आता डिजिटल फळा भिंतीवर आला आहे. बऱ्याच वर्गांत मात्र त्यावर पाठाचा व्हिडिओ लावला जातो आणि मुले टीव्हीसमोर बसावीत तशी शांत बसून राहतात. व्हिडिओ मोबाइलवरही दाखवता येतो. मुलाने केलेला अंदाज सर्वांसमोर मांडणे, तो हलवून पाहणे, चुकला तर त्याच जागी दुरुस्त करणे आणि ते पान दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवणे ही कामे खडूच्या फळ्यावर नीट होत नाहीत. म्हणून पाठाची आखणी करताना याच कामांपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी आपला फळा कोणत्या जातीचा आहे हे पाहून घ्यावे. प्रोजेक्टरवर चालणाऱ्या फळ्यात प्रोजेक्टर किंचितही हलला तर बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटते. अशा वेळी कॅलिब्रेशन (बोट आणि रेघ जुळवण्याची सोय) उघडून दिसतील त्या खुणांवर क्रमाने पेन टेकवले की ती पुन्हा जुळते. मोठ्या टीव्हीसारख्या पॅनलला याची गरज सहसा पडत नाही. परंतु बहुतेक पॅनलमध्ये चौकटीतून इन्फ्रारेड किरणांची जाळी पसरलेली असते आणि बोटाने किरण अडला की स्पर्श कळतो. त्यामुळे चौकटीच्या कडेला साचलेली खडूची धूळ, टेकलेले मनगट किंवा लोंबणारी बाही यांनीही नको तेथे रेघा उमटतात. कडा आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात आणि खडूचा फळा शक्यतो दूरच्या भिंतीवर ठेवावा. तो काढून मात्र टाकू नये, कारण वीज गेली की पाठ त्याच्याच आधाराने पुढे न्यावा लागतो.

खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर पडदा लावावा, आणि पाठाच्या आदल्या दिवशी वर्गातल्या शेवटच्या बाकावर स्वतः बसून अक्षरे वाचता येतात का हे पाहावे. हे न केल्यामुळे वाया गेलेले पाठ मी पुष्कळ पाहिले आहेत. लहान वर्गांसाठी फळ्यापुढे एक भक्कम, न डुगडुगणारा पाट ठेवावा, म्हणजे पहिलीतल्या मुलाचाही हात वरपर्यंत पोहोचेल. लागणारे सर्व साहित्य आधीच उतरवून ठेवावे. लिहिण्यासाठी ओपनबोर्ड, भूमितीसाठी जिओजेब्रा आणि विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट हे पडद्यावर करायचे प्रयोग शाळेला विनामूल्य वापरता येतात, इंटरनेटशिवायही चालतात, आणि फेटचे बरेच प्रयोग मराठीतही आहेत. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडमधून दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचावर जे साहित्य उघडते, त्यातलेही पाठाला नेमके लागेल तेवढेच निवडावे.

आता एक पाठ पूर्ण पाहू. विषय गोदावरीचा आहे. फळ्यावर महाराष्ट्राचा कोरा नकाशा घ्यावा. त्यात अरबी समुद्र, सह्याद्रीची रांग आणि त्र्यंबकेश्वरचा ठिपका एवढेच असावे. मुलांना सांगावे की गोदावरी जिथे उगम पावते त्या त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी डोंगरापासून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटरच्या आसपास आहे. तर मग येथे उगम पावलेली नदी कोणत्या समुद्राला मिळत असेल? उत्तर सांगू नये. प्रत्येकाने पाटीवर किंवा वहीत आपली रेघ काढावी, आणि त्यांतील तिघांना बोलावून त्यांच्या रेघा फळ्यावर तीन रंगांत काढून घ्याव्यात. पश्चिमेकडे जाणारी एक तरी रेघ त्यांत असावी, कारण मुलाचा तो विचार अगदी सयुक्तिक असतो आणि त्याला मान मिळाला पाहिजे.

त्यानंतर उपग्रहचित्र उघडून त्र्यंबकपासून हळूहळू पूर्वेकडे सरकावे: गंगापूर धरण, नाशिक शहर, पुढे निफाड तालुक्यात कादवेचा संगम आणि नांदूर मध्यमेश्वर, जे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाले. येथे थांबून सह्याद्रीचा उतार दाखवावा. पश्चिमेला कोकणाकडे कडे सरळ तुटलेले आहेत, पूर्वेकडे पठार सावकाश उतरत जाते, आणि ब्रह्मगिरीच्या पूर्व अंगाला पडलेले पाणी त्या उताराने १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. हे सांगण्याआधी मुलांनीच उताराकडे बोट दाखवावे, यासाठी वाट पाहावी. दोन मिनिटांची शांतता शिक्षकाला जड जाते, पण ती सोसावी.

या पाठात एक नियम पाळला गेला आहे, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: फळ्याजवळ एक मूल उभे असताना बाकीच्या सर्व मुलांच्या हातात तेच काम असले पाहिजे. एरवी एक शिकतो आणि चाळीस जण पाहत बसतात. कोणाला बोलवायचे हे उंचावलेल्या हातांवरून न ठरवता पाट्यांवरून नजर फिरवून ठरवावे, म्हणजे त्याच त्या चार मुलांकडे पेन जाणार नाही.

गणितात ही रीत आणखी खुलते. जिओजेब्रात त्रिकोण काढून त्याचा एक शिरोबिंदू मुलाला हवा तसा ओढू द्यावा. तिन्ही कोन बदलतात आणि बेरीज १८० अंशच राहते, हे पाहिल्यावर मुलेच कारण विचारतात. सातवीच्या वर्गासाठी लासलगावच्या बाजारातील कांद्याचे भाव आठवडाभर वर्तमानपत्रातून टिपून आणायला सांगावेत. समजा, क्विंटलचा भाव १,५०० रुपयांवरून १,६०० झाला. उभा अक्ष शून्यापासून घेतला तर दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात. तोच अक्ष १,४०० पासून सुरू केला की दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच होतो. अक्ष मुलांनाच बदलू द्यावा. ज्या मुलाच्या घरी कांदा पिकतो, त्याला आलेखातली ही फसगत ओळखता येणे मला फार मोलाचे वाटते.

भाषेच्या तासाला उताऱ्यातील ओळी झाकून एकेक उघडत जावे आणि पुढे काय येईल हे विचारावे. फळ्यावरचे काम एका वेळी पंधरा मिनिटांहून फारसे लांबवू नये. मग वही, मग चर्चा.

तास संपताना पान पुसू नये. इयत्ता, विषय आणि तारीख घालून ते साठवावे. मुलांची पूर्ण नावे किंवा छायाचित्रे त्यात ठेवू नयेत. दुसऱ्या दिवशी त्याच पानापासून आरंभ करावा. गोदावरीच्या नकाशावर कालच्या तीन रेघा तशाच असतील. ज्याने पश्चिमेकडे रेघ काढली होती त्यालाच पेन द्यावे, काल आपण असे का समजलो होतो ते त्याने सांगावे, आणि जुनी रेघ न पुसता तिच्या शेजारी नव्या रंगात नदीची खरी वाट काढावी.