जुनी पुस्तकं ऑनलाइन द्यायची किंवा बदलायची तर

कपाट आवरलं की बरेच जण अख्ख्या गठ्ठ्याचा एक फोटो ग्रुपवर टाकतात, खाली "कुणाला हवीत का?" एवढंच. फोटोत नावं वाचता येत नाहीत, मग प्रत्येक जण विचारत बसतो आणि शेवटी सगळं रद्दीवाल्याकडे जातं, फार जीवावर येतं हो ते बघायला. म्हणून आधी यादी करा. पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्तीचं साल आणि तुमचं गाव.

मग फोटो. मुखपृष्ठाचा एक, आवृत्ती छापलेल्या पानाचा एक आणि सगळ्यात खराब पानाचा एक, हा शेवटचा टाळू नका. बायंडिंग सुटलंय, कसरीने भोकं पाडलीयेत, ओल लागून पानं चिकटलीयेत, पेनाने अंडरलाइन केलंय, जे असेल ते सरळ लिहा, ज्याला वाचायचंच आहे तो तरीही घेतो. पानं हलवून बघा, आत जुनं पत्र, फोटो, आधारची झेरॉक्स राहिलेली असते. लायब्ररीचा शिक्का दिसला तर ते पुस्तक आधी तिकडे परत. आणि "सप्रेम भेट" लिहिलेलं पान फाडू नका प्लीज, नवीन वाचणाऱ्याला ते आवडतं.

स्पर्धा परीक्षेची पुस्तकं देताना साल सांगायलाच हवं. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झालीय, त्याआधीचे मुख्यचे ऑब्जेक्टिव्ह प्रश्नसंच एखाद्या मुलाला आत्ताचे म्हणून देणं बरोबर नाही.

अदलाबदलीत छापील किमतीचा हिशेब घालू नका, मला तरी पुस्तकाला पुस्तक हेच पटतं. दोघांनी एकाच दिवशी पोस्ट करायचं आणि पावतीचा फोटो एकमेकांना पाठवायचा. फुकट देत असाल तर पोस्टेज घेणाऱ्याने द्यायचं, हे आधीच ठरवा.

पोस्टाची जुनी रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली, पण 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट सुरू झालीय. सुरुवातीचे दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत जास्तीत जास्त 100 रुपये, वर टॅक्स. ट्रॅकिंग मिळतं, विमानाने जात नाही त्यामुळे वेळ लागतो. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, तुमचं पुस्तक त्यात बसतं का ते काउंटरवर दाखवून विचारा आणि मगच पॅकेट चिकटवा.

पॅकिंग करताना पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाळ्यात तर नक्कीच, मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा बोटभर मोठा पुठ्ठा म्हणजे कोपरे दुमडत नाहीत, वरून ब्राऊन पेपर. चिकटपट्टी मुखपृष्ठाला लागू देऊ नका, काढताना रंगासकट निघते.

पत्ता ग्रुपवर कधीच टाकू नका, पर्सनल मेसेजमध्ये द्या, पिनकोडसकट. कुणी "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणाला तर तिथेच थांबा, पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही.

एकाच पुस्तकाला चार जणांनी हात वर केला तर पहिल्याला द्या, त्याने आठवडाभर पत्ता दिला नाही तर दुसऱ्याला विचारा, आणि पुस्तक गेलं की यादीत त्याच्यापुढे "दिलं" लिहून टाका.