'वेअर' जपानीत नेताना

माझ्याकडे जपानी शिकायला येणाऱ्यांना मी सांगते, इंग्रजी वाक्यात 'वेअर' (wear, म्हणजे अंगावर घालणं) आला की शब्दकोश जरा बाजूला ठेवा. आधी वस्तू अंगावर कुठे बसते ते बघा. शर्ट, कोट, किमोनो असेल तर 'किरु'. पँट, स्कर्ट, मोजे, बूट, म्हणजे कमरेखालचं सगळं 'हाकु'. टोपीला 'काबुरु', चष्म्याला 'काकेरु'. अंगठीला, घड्याळाला साधं 'सुरु' चालतं.

मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आपण साडी नेसतो, गजरा माळतो, चष्मा लावतो. तोच कान इथे वापरा.

खरी मेख क्रियापदाच्या रूपात आहे. 'शी इज वेअरिंग ग्लासेस' याचं 'मेगाने ओ काकेरु' केलंत, तर ती चष्मा लावते किंवा लावणार आहे, असा अर्थ होतो. चष्मा आत्ता डोळ्यांवर आहे, हे सांगायला 'काकेते इरु' हवं. क्रिया झाली आणि तिची स्थिती टिकून आहे, हे त्या 'ते इरु'तून कळतं. 'किते इरु', 'हाइते इरु', 'काबुत्ते इरु' मोठ्याने म्हणून घोटा, अगदी जिभेवर बसेपर्यंत.

'वेअरिंग अ स्माइल' आलं तर मात्र कपड्यांची क्रियापदं सोडा. तिथे 'एमि ओ उकाबेरु', हसू चेहऱ्यावर तरंगवायचं.