परदेशातून पार्सल येतंय? कस्टम्समध्ये अडकवणाऱ्या या चुका टाळा

पार्सल कस्टम्समध्ये अडकलं की आपण कुरिअरवाल्याला फोनवर फोन लावतो. पण ते सुटणार की रखडणार, हे बऱ्याचदा तिकडे पाठवणारा फॉर्म भरतो तेव्हाच ठरतं. म्हणून पार्सल निघण्याआधीच तिकडच्या भावाशी, मावशीशी, मित्राशी सविस्तर बोलून घ्या.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘गिफ्ट’ लिहिलं की ड्युटी लागत नाही. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सवलत होती. परदेशी शॉपिंग साइट्स विकलेला मालही भेट म्हणून धाडू लागल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती वाट बंद झाली. आता अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी यांचा. राखीसोबत आलेलं घड्याळ किंवा चॉकलेटं त्यात धरत नाहीत. पूर्ण ड्युटी भरून भेटवस्तू मागवायला मात्र काहीच हरकत नाही.

दुसरी चूक तिचीच बहीण: किंमत मुद्दाम कमी लिहिणं. अधिकारी तीच वस्तू इंटरनेटवर बघतात, शंका आली की बिल मागतात, आणि तिथून दिरंगाई सुरू होते. खरं बिल खोक्याच्या बाहेरच्या पाकिटात लावायला सांगा आणि त्याचा फोटो स्वतःकडेही ठेवा. वर्णन ‘घरगुती सामान’ असं मोघम नको. ‘सुती शर्ट, नवे, ३ नग’ असं हवं. वस्तू वापरलेली असेल तर तसं स्पष्ट लिहा.

ड्युटीचा आकडा बघून अनेकांना धक्का बसतो, कारण हिशेब फक्त वस्तूच्या किमतीवर होत नाही. त्यात वाहतूक खर्च आणि विमाही धरतात. मूळ ड्युटीवर बहुतेक वस्तूंना १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. पण विमानाने आलेल्या मालाचा वाहतूक खर्च किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणजे १०० डॉलरच्या वस्तूला ४० डॉलर भाडं पडलं, तरी हिशेबात जास्तीत जास्त २० डॉलरच यायला हवेत. म्हणून कुरिअर कंपनीकडून बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे ड्युटीचा हिशेब असलेल्या कस्टम्सच्या कागदाची, प्रत मागा आणि प्रत्येक रकाना तपासा. कंपनी स्वतःची सेवाफी वेगळी लावते. ती ड्युटी नव्हे.

पार्सलवरचं नाव आधार किंवा पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. घरात हाक मारायचं नाव लिहिलं की केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, अडते. केवायसीचा ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो आणि तोवर गोदामाचं भाडं चढत जातं.

टपालाने येणाऱ्या पार्सलची तऱ्हा वेगळी. आपल्याकडची बरीचशी मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या फॉरेन पोस्ट ऑफिसमधून जातात. तेरा अक्षर-अंकांचा ट्रॅकिंग नंबर इंडिया पोस्टच्या साइटवरही टाकून बघा. ड्युटी सहसा डिलिव्हरीच्या वेळी घेतात. आकारणी चुकीची वाटली तर पार्सल उघडू नका. ते पोस्टातच ठेवून, बिल जोडून फेरआकारणीचा अर्ज करा.

ड्रोन आणि ई-सिगारेट मागवूच नका. बियाणं आणि रोपं परवान्याशिवाय सुटत नाहीत. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच.

आणि ‘कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या पार्सलात अंमली पदार्थ सापडलेत’ असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. कस्टम्स कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर ड्युटी मागत नाही. त्यांच्या पत्रांवर सहसा डीआयएन हा दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या साइटवर पडताळता येतो. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.