फिजिक्सचा टीचर शोधायला निघण्याआधी

जूनमध्ये शाळा उघडणार म्हणून मे महिन्यात जाहिरात टाकायची ही चूक आम्ही दोनदा केलीय, तोवर चांगले फिजिक्सवाले क्लासवाल्यांनी उचललेले असतात. म्हणून फेब्रुवारीतच टाइमटेबल पुढ्यात घ्या आणि आधी तासिका मोजा, कारण नुसतं "सायन्स टीचर पाहिजे" लिहिलं की बायोलॉजीवाल्यांचे अर्ज येतात ढीगभर आणि फिजिक्सची जागा तशीच. आठवड्याला किती तास, कुठले वर्ग, मराठी की सेमी, पगार किती, सगळं जाहिरातीतच टाका, "पगार मुलाखतीत सांगू" वाचून निम्मे तिथेच गळतात. (अनुदानित शाळांचं वेगळं, तिथे सरकारचं शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आणि टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणीचे 200 पैकी मार्क.)

मग कागदपत्रं. सहावी ते आठवीला टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा, वरची टेट वेगळी) पेपर 2, आणि तोही गणित-विज्ञानवाला बघा, सामाजिक शास्त्राचा घेऊन आलेले लोक भेटलेत मला. ज्युनियर कॉलेजला त्याच विषयातली एमएस्सी प्लस बीएड. स्पेशल एज्युकेटर पाहिजे असेल तर आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन, नंबर बघून खूश होऊ नका, मुदत संपलीय का ते बघा. पोलीस व्हेरिफिकेशन रुजू व्हायच्या आधीच मार्गी लावा.

मुलाखत रविवारी ठेवू नका, मेगाब्लॉक असतो आणि माणूस घामाघूम होऊन तासभर उशिरा येतो. राहता कुठे हे मात्र विचाराच, बदलापूरहून दादरला गाडी बदलून गोरेगावला यायचं आणि पहिली तासिका 7:10 ची, हे किती दिवस चालणार?

डेमो खऱ्या वर्गात, खऱ्या पोरांसमोर घ्या, स्टाफरूममध्ये आमच्यासारख्यांना शिकवून काही कळत नाही. गेल्या वर्षी दहावीला भिंगं शिकवायला आलेल्या एका मॅडमनी फळ्याकडे बघितलंच नाही, लाइट बंद करायला लावले, भिंग खिडकीसमोर धरलं आणि वहीच्या कोऱ्या पानावर समोरच्या बिल्डिंगीत वाळत घातलेले कपडे उलटे पाडले, शेवटच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली. तिथेच ठरलं आमचं.

क्लास घेता का, वर्ष पूर्ण करणार का, तेही तोंडावर विचारा, आमचे एक सर सप्टेंबरात गेले युनिट टेस्टचे पेपर न तपासता. आणि तुमच्या रिटायर झालेल्या एखाद्या सरांचा नंबर जवळ ठेवाच, आमचे सर दिवाळीपर्यंत दहावी सांभाळतात, फक्त दुपारी, सकाळी त्यांचं वॉक असतं.