बूट विभाजन भरले तेव्हा

लिनक्सचे अपडेट एके दिवशी अर्ध्यावरच थांबले आणि डिस्कवर जागा शिल्लक नसल्याचा संदेश आला; माझ्या फाइलींसाठीच्या होम विभाजनात (डिस्कच्या वेगळ्या भागात) तर ३०० जीबी रिकामे पडले होते. प्रत्येक विभाजनातली मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ आज्ञा चालवल्यावर उलगडा झाला. इन्स्टॉल करताना मी जुन्या सवयीने बूटला, म्हणजे संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइलींच्या विभाजनाला, २५६ एमबीच दिले होते, आणि प्रत्येक नव्या कर्नलबरोबर (लिनक्सच्या गाभ्याबरोबर) त्याची सुरू होताना लागणारी इनिटरॅमएफएस फाइलही तिथेच साठत असल्याने चौथ्या कर्नलला जागाच उरली नव्हती.

चालू कर्नल आणि त्याआधीचा एक ठेवून सर्वांत जुना कर्नल पॅकेज मॅनेजरमधूनच (सॉफ्टवेअर बसवण्या-काढण्याच्या साधनातूनच) काढला. फाइली हाताने पुसल्या असत्या, तर पॅकेजची नोंद तशीच राहिली असती.

पुढे नव्याने इन्स्टॉल करताना बूटला १ जीबी आणि रूटला, म्हणजे मुख्य सिस्टिमच्या विभाजनाला, ५० जीबी दिले. हायबरनेट (रॅममधले सगळे डिस्कवर ठेवून संगणक बंद करणे) वापरायचे असल्याने स्वॅप, म्हणजे रॅमला पूरक असा डिस्कचा भाग, रॅमइतका, म्हणजे ८ जीबी ठेवला. एरवी स्वॅप फाइलही चालते. होमला मात्र उरलेली सगळी जागा देण्याचा मोह टाळून एलव्हीएममध्ये (विभाजनांचे आकार नंतर बदलू देणाऱ्या व्यवस्थेत) काही भाग मोकळाच सोडला, कारण ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (विभाजनात फाइली साठवण्याची रचना) वापरात असतानाही वाढवता येते, पण लहान करण्यासाठी ती अनमाउंट करावी (वापरातून सोडवावी) लागते, आणि रूटच्या बाबतीत त्यासाठी लाइव्ह यूएसबी (ज्यावरून थेट लिनक्स चालते असा पेनड्राइव्ह) शोधत बसावे लागते.