उंचावरची कॉफी, घरच्या कढईत

पहिलंच सांगून टाकते: चौदाशे मीटरवरची कॉफी विकत घेऊन ती काळीकुट्ट भाजायची असेल, तर पैसे वाया घालवू नका. काळ्या भाजणीत सगळ्याच कॉफ्या जवळपास सारख्या लागतात, कारण तिथे जिभेला लागते ती भाजणी, बी नव्हे. उंचीचे जादा पैसे आपण मोजतो ते आंबटपणासाठी आणि वासासाठी. आच जरा लांबली की नेमकं तेच आधी जातं.

माझ्याकडे असते ती बाबाबुदनगिरीची धुतलेली अरेबिका, म्हणजे फळाचा गर आंबवून, धुऊन काढून मग वाळवलेली. बाबा बुदन नावाच्या सूफी संतांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिक्कमगळूरजवळच्या या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. शेजारचं मुळ्ळय्यनगिरी शिखर १९३० मीटर, कर्नाटकातलं सर्वांत उंच. बागा त्याच्या बऱ्याच खाली, साधारण हजार ते पंधराशे मीटरच्या पट्ट्यात. इथिओपियावाले दोन हजार मीटर सांगतात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तिथला इर्गाचेफे हा कॉफीचा मुलूख विषुववृत्तापासून सहा अंशांवर आहे, आपलं चिक्कमगळूर तेरा अंशांवर. जसजसं उत्तरेला सरकाल तसा तोच गारवा कमी उंचीवर मिळतो. कॉफीला मीटर मोजता येत नाहीत, तिला गारवा कळतो. गारव्यात फळ सावकाश पिकतं आणि बी घट्ट भरते. एका वाटीत उंचावरच्या आणि दुसऱ्या तेवढ्याच वाटीत सखल भागातल्या बिया भरून काट्यावर ठेवा, फरक आकड्यात दिसेल.

हिरव्या बिया मागवताना पुडीवर फक्त ‘प्लांटेशन ए’ लिहिलेलं असेल तर पुढे विचारा. प्लांटेशन म्हणजे धुतलेली अरेबिका आणि ए म्हणजे दाण्याचा आकार, एवढंच. बाग कुठली, किती उंचीवर, जात कोणती आणि तोडणी कोणत्या हंगामातली, हे चार प्रश्न विचारायचेच. जात मी दोनपैकी एक घेते. एक एस ७९५, बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात केंट्स जातीशी संकर करून तयार झालेली. हिची चव गोलसर, गुळाकडे झुकणारी. दुसरी सिलेक्शन ९, जिच्यात इथिओपियाच्या ताफारिकेला या जातीचं रक्त आहे. हिच्यात फुलाफळांचा वास जास्त, आणि या लेखातली खटपट खरी हिच्यासाठीच.

पावसाळ्यात हिरव्या बिया हवाबंद ठेवा. त्यांच्यात दहा ते बारा टक्के ओल असते, तेवढीच राहू द्यायची. मलबारच्या किनाऱ्यावर बिया मुद्दाम मॉन्सूनच्या वाऱ्यावर आठवडेच्या आठवडे पसरून फुगवतात, त्यांचा आंबटपणा पार जातो आणि ती ‘मॉन्सून्ड मलबार’ म्हणून विकली जाते. ती चव आवडणाऱ्यांनी खुशाल घ्यावी, पण कोथरूडच्या फडताळात ती आपोआप तयार व्हायला नको.

आता भाजणी. यंत्र लागत नाही. इथिओपियात घरोघरी पाहुण्यांसमोर सपाट तव्यावर बिया भाजतात, कुटतात आणि जबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळून देतात, तेही जगातल्या सर्वांत सुगंधी कॉफ्यांपैकी एक. आपल्याला हवी जाड बुडाची लोखंडी कढई, लाकडी उलथनं, दोन मोठ्या चाळण्या, टेबल फॅन आणि ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. कढई फक्त कॉफीची असावी. हिंगाची फोडणी बसलेली कढई कितीही घासा, सिलेक्शन ९ तिला ओळखते.

भाजायच्या आधी बिया तांदळासारख्या निवडायच्या. काळ्या, फुटक्या, बोरर किड्याने टाचणीएवढं भोक पाडलेल्या, शिंपल्यासारख्या पोकळ, सगळ्या बाहेर. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. एकच आंबलेली बी अख्ख्या कपाला कुबट वास देते.

एका वेळी १५० ग्रॅम, जास्त नाही. कढई मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं रिकामी तापवा. घट्ट बीच्या गाभ्यापर्यंत उष्णता जायला सुरुवातीला जोर लागतो. भीतभीत मंद आचेवर सुरुवात केली तर बी भाजली न जाता नुसती वाळत बसते. बिया टाकल्या की उलथनं थांबता कामा नये. मी तळापासून वर, कडेपासून मध्ये असं फिरवते. हात भरून येतो, पण थांबलात की सपाट बाजूवर काळे डाग पडतात आणि आत कच्चेपणा राहतो.

आधी ओल्या गवताचा वास येईल. चार-पाच मिनिटांत बिया पिवळ्या पडतात आणि वास भाजलेल्या जवाकडे वळतो. इथून बीवरच्या पातळ सालीचा कोंडा सुटायला लागतो, उडतोही, म्हणून शेगडीजवळ कागद-फडकं ठेवू नका आणि खिडकी उघडी ठेवा. मग तपकिरी, मग एक गोड-आंबट वाफ नाकात शिरते. या वाफेकडे लक्ष द्या, कारण पाठोपाठ पहिला तडतडाट सुरू होतो. बीतल्या वाफेचा दाब तिला फोडतो तो हा आवाज. सुटा, मोठा, ‘टक्… टक्-टक्’ असा. तेव्हा बीचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास असतं. आठ ते दहा मिनिटांत तो आला पाहिजे. सहाव्या मिनिटालाच आला तर आच फार, पंधरा मिनिटं होऊनही नाही तर फारच कमी. रेंगाळलेली भाजणी दिसायला सुंदर असते आणि लागते ओल्या पुठ्ठ्यासारखी.

तडतडाट नीट सुरू झाला की आच थोडी उतरवा, बंद करू नका, आणि घड्याळ बघा. सिलेक्शन ९ मी इथून साधारण सव्वा मिनिटाने उतरवते, एस ७९५ पावणेदोन मिनिटांनी. आवाज पूर्ण थांबून काही वेळाने बारीक, चुरचुरता दुसरा तडतडाट येतो. तो कानावर पडला तर आपल्या कामापुरती उंची संपली.

उतरवणं म्हणजे गॅस बंद करणं नव्हे, लोखंड तापलेलंच असतं. बिया लगेच चाळणीत, फॅनपुढे, या चाळणीतून त्या चाळणीत. तीन-चार मिनिटांत हाताला गार लागल्या पाहिजेत. कोंडा याच वेळी उडून जातो, उरलेला सुपात पाखडा. मग वजन: १५० चे १२८ ते १३१ ग्रॅम व्हायला हवेत. १३४ भरले तर आत कच्चं आहे, १२४ भरले तर बहुतेक उशीर झाला. रंगापेक्षा मी या आकड्यावर जास्त विश्वास ठेवते, कारण कढईत रंग कधीच एकसारखा येत नाही. बाकीच्यांपेक्षा अगदीच फिक्या राहिलेल्या बिया मात्र वेचून टाका. त्या न पिकलेल्या फळातल्या असतात आणि शेंगदाण्याच्या टरफलासारख्या लागतात.

डब्याचं झाकण पहिला दिवस सैल ठेवा, बिया वायू सोडत असतात. चव घ्यायला दुसऱ्या दिवशी बसा. रोजच्या पिण्याला चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती अधिक खुलते.

चव घ्यायला गाळणी, फिल्टर काही नको. काचेच्या दोन सारख्या ग्लासांत प्रत्येकी ११ ग्रॅम पूड घ्या, जाड रव्याएवढी दळलेली. दोन ग्लास कारण एकट्या कॉफीची चव सांगता येत नाही, शेजारी दुसरी हवी. सिलेक्शन ९ आणि एस ७९५, किंवा एकीच्याच दोन भाजण्या. कोरड्या पुडीचा वास घ्या. मग प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी, सुमारे ९३ अंशांचं. पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, त्यामुळे उकळी थांबल्यावर मिनिटभर दम धरला की झालं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी घेऊ नका, त्यातला क्षार नेमका आंबटपणाच मारतो, आणि मग माणसं बागेला नावं ठेवतात.

चार मिनिटं हात लावू नका. वर साय धरल्यासारखा पुडीचा थर येतो. नाक ग्लासाशी नेऊन चमच्याने तो तीनदा मागे ढकला. सगळ्यात दाट वास या क्षणी येतो. फेस काढून टाका, आणखी पाच-सहा मिनिटं थांबा आणि मग चमच्यातून भुरका मारा, आमटीचा मारतात तसा, आवाज करून. कॉफी फवाऱ्यासारखी टाळूवर उडाली पाहिजे. निम्मी चव घशामागून नाकात चढते.

काय शोधायचं? ब्लूबेरी शोधू नका, ती आपण कितीदा खातो! आदल्या दिवशी एका ग्लास पाण्यात लिंबाचे थेंब, दुसऱ्यात चिंचेचा कोळ, तिसऱ्यात व्हिनेगर अगदी पुसटसं घालून चाखा. लिंबाचा आंबटपणा जिभेच्या कडेने चटकन येतो आणि जातो, चिंचेचा दात आंबवतो, व्हिनेगरचा नाकात जातो. चांगल्या उंचावरच्या कॉफीत पहिला सापडतो. तिसरा सापडला तर फळं धुण्या-आंबवण्यात गडबड झालेली असते, भाजणी बदलून ती दुरुस्त होत नाही. माझ्या सिलेक्शन ९ मध्ये मोसंबीच्या सालीचा वास असतो, मागाहून काकवी. तुम्हाला करवंद लागलं तर करवंद लिहा.

आणि घाई करू नका. गरम असताना सगळंच बरं लागतं. ग्लास कोमट झाल्यावर पुन्हा भुरका, पार गार झाल्यावर पुन्हा. नीट भाजलेली गार होताना गोड होत जाते. कच्ची राहिलेली गवताळ आणि तुरट होते, करपलेली नुसती कडू. निदान इथे होतं, म्हणून वहीत वजन, पिवळं पडल्याची वेळ, पहिल्या तडतडाटाची वेळ आणि उतरवल्याची वेळ लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदला.

घरात कुणी दुधाशिवाय पीत नसेल, जसे आमचे हे, तर त्यांच्यासाठी एस ७९५ वेगळी भाजा, तडतडाट संपल्यावर अर्धा मिनिट पुढे. दुधात हलकी सिलेक्शन ९ घातली तर ‘दूध नासलंय का गं’ हा प्रश्न ठरलेला आहे.